फलकावरच्या एका ओळीसाठी पाच महिने

आमच्या गावात (गुहागर तालुका) देवळामागे पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे. गावातून किती जण लढाईवर गेले आणि किती परतले नाहीत, एवढंच तिच्यावर कोरलंय. नावं नाहीत. शेजारी नावांचा फलक लावायचं ग्रामसभेत ठरलं. ठराव, वर्गणी, दगड, सगळं पंधरा दिवसांत झालं. अडलं मजकुराच्या मंजुरीपाशी, तेही माझ्या पणजोबांच्या एका ओळीवर.

ओळ अशी होती: ‘टेसिफॉनच्या लढाईत जखमी, नोव्हेंबर १९१५. मुंबईत आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीतील लष्करी रुग्णालयात उपचार.’

पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते. टेसिफॉन म्हणजे इराकातलं बगदादजवळचं ठिकाण. तिथे जखमी झालेले शिपाई नदीने बसऱ्याला आणि तिथून जहाजाने मुंबईला येत. आजी सांगायची, “मामंजी मुंबयला घुमटाखाली निजलं व्हतं, म्हयनाभर.” आम्हाला वाटायचं, एखाद्या दर्ग्यात आसरा मिळाला असेल. पुढे पत्र्याच्या डब्यात त्यांचा दवाखान्यातून सोडल्याचा कागद सापडला. जानेवारी १९१६ ची तारीख, आडनावाशिवाय नुसतं नाव आणि बापाचं नाव, आणि ‘लेडी हार्डिंग’ एवढी अक्षरं. त्यापुढचा कोपरा कसरीने खाल्लेला. दवाखाना कुठल्या गावचा, ते नेमकं तिथेच होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी, मजकूर मंजूर करणाऱ्या कार्यालयात पहिल्या दिवशी मजकूर वाचून मला सांगितलं, “म्युझियममध्ये कुठला दवाखाना? ही ओळ काढा, उद्या सही होईल.” मी काढणार नाही म्हटलं. अर्ज ठेवून घेतला. पोच मागायची मला सुचली नाही, ही माझी पहिली चूक. कुठलाही अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

महिन्याने गेलो तर अर्ज सापडेना. दुसरा दिला, या वेळी पोच घेतली. दीड महिन्याने तो शेरा मारून परत आला: ‘सदर रुग्णालय दिल्ली येथे असल्याचे दिसून येते. दुरुस्ती करून फेरसादर करावे.’ तो शेरा वाचून झालेला संताप अजून उतरलेला नाही. माझा पणजा कधी दिल्लीला गेलाच नव्हता. मी भेटायला गेलो तर भाऊसाहेब म्हणाले, “लेडी हार्डिंग म्हणजे दिल्लीच. नेटवर बघा.” त्यानंतर दोन वेळा साहेब मीटिंगला आणि एकदा संगणक बंद. दर खेपेला एसटीचे साडेतीन तास जायला आणि तेवढेच यायला.

तेव्हा मी शांतपणे तारखा मांडल्या. दिल्लीची ती संस्था म्हणजे लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मुलींच्या वैद्यकीय शिक्षणासाठी काढलेली, आणि तिचं उद्घाटन फेब्रुवारी १९१६ चं. पणजोबांचा कागद जानेवारीचा. जी संस्था उघडलीच नव्हती तिच्यातून कोणी बरा होऊन सुटेल कसा? आणि बायकांच्या संस्थेत पलटणीचा शिपाई ठेवतीलच का? लेडी हार्डिंग म्हणजे तेव्हाच्या व्हाइसरॉयची बायको, ती १९१४ मध्ये वारली. तिचं नाव दिल्लीच्या कॉलेजला मिळालं आणि मुंबईच्या युद्ध रुग्णालयालाही, एवढाच हा घोळ.

मुंबईचा पुरावा गोळा करायला दोन दिवस पुरले. वस्तुसंग्रहालयाच्या छापील इतिहासात सगळं आहे. पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट, इमारत १९१४ मध्ये तयार. पण लढाई पेटली म्हणून ती संग्रहालयाऐवजी लष्करी रुग्णालयासाठी वापरली गेली. १९२० मध्ये ती संग्रहालयाच्या समितीकडे आली आणि जानेवारी १९२२ मध्ये लोकांसाठी उघडली. मी आत जाऊन मधोमध उभा राहिलो आणि मान वर केली. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला तो घुमट डोक्यावर होता. आजीचा शब्द न् शब्द खरा होता. मला तिथेच रडू आलं.

छापील पानांची झेरॉक्स, पणजोबांच्या कागदाची प्रत आणि तारखांचं एक पानी टिपण जोडून तिसरा अर्ज दिला. सोबत माहिती अधिकाराचा जोडपत्र ‘अ’ मधला वेगळा अर्जही, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: दिल्लीचा शेरा कोणत्या कागदाच्या आधारे मारला, त्याची प्रत द्यावी. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. एकविसाव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं, ओळ जशीच्या तशी. माहिती अधिकाराचा असा अर्ज मी पहिल्या महिन्यातच करायला हवा होता.

आणखी एक, आधी सांगायचं राहिलं: जुना कागद कधीही मूळ देऊ नका, दाखवून परत घ्या. आमचा मूळ कागद त्या हरवलेल्या अर्जासोबत गेला असता तर सगळंच संपलं असतं.

अक्षरं कोरणाऱ्याने दगडावर खडूने आखून बघितलं. म्हणाला, ओळ लांब होतेय, ‘इमारतीतील’ गाळू का? मी नको म्हटलं. त्याने ती दोन ओळींत बसवली.