2882 मोठं की 2785?

2025च्या जुलैत आपल्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला. तेव्हापासून तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही ‘सर्वांत थोर खेळाडू कोण?’ हा वाद निघतो, आणि कुणीतरी ठासून सांगतो: सर्वोच्च मानांकन मॅग्नस कार्लसनचं 2882, बॉबी फिशरचं 2785, विषय संपला. नाही संपत, राजेहो.

हे एलो मानांकन, म्हणजे डावांच्या निकालांवरून खेळाडूला मिळणारा आकडा, वजनकाटा नव्हे. त्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा तुम्ही किती पुढे, एवढंच ते सांगतं. म्हणून नुसता आकडा सोडा, फरक बघा. मानांकनात 100चा फरक असेल तर वरच्यानं 100 डावांत साधारण 64 गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवायला हवेत; 200चा असेल तर 76.

1972 साली जगज्जेतेपदाच्या लढतीत फिशर 2785, तेव्हाचा जगज्जेता स्पास्की 2660. फरक 125, म्हणजे अपेक्षा 67 टक्क्यांची. प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या 20 डावांत (दुसऱ्या डावाला फिशर आलाच नव्हता) त्याला साडेतेरांच्या आसपास गुण हवे होते, मिळाले साडेबारा. जगज्जेता झाला आणि मानांकन घसरलं! इतक्या उंचीवर टिकणं किती महाग पडतं, ते यातून कळतं.

जुलै 1999मध्ये यादीत पहिला गॅरी कास्पारोव्ह 2851, दुसरा आनंद 2771: फरक 80. मे 2014मध्ये पहिला कार्लसन आणि दुसरा अरोनियन यांच्यात 67. पण आता इंजिन (बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रोग्राम) आणि डावांचे डेटाबेस सगळ्यांच्याच घरी आहेत, त्यामुळे वरच्यांमधलं अंतर आपसूक आटतं. म्हणजे या मापात जुन्यांना थोडं झुकतं माप मिळतं.

मग इंजिनानं चाली तपासायच्या? जरूर, पण सुरुवातीच्या 12-15 चाली वगळा. त्या घरून पाठ करून आणलेल्या असतात. एका बाजूला दोन-तीन प्याद्यांची आघाडी झाल्यानंतरच्या चालीही सोडा, कारण जिंकत असलेला माणूस सर्वोत्तम नव्हे, निर्धोक चाल शोधतो. हे न गाळता काढलेला ‘अचूकतेचा टक्का’, म्हणजे चाली इंजिनाच्या चालींच्या किती जवळ जातात त्याचं माप, फसवा. शिवाय शांत, अदलाबदलीच्या डावात टक्का चढतो आणि मिखाइल तालसारखा हल्लेखोर खेळाडू उगाच बदनाम होतो.

आमचं मत कास्पारोव्हला. 1985 ते 2000 जगज्जेतेपद, आणि 2005मध्ये खेळ थांबवला तेव्हाही यादीत पहिलाच. फिशरनं 1975मध्ये किताब राखायला पटच मांडला नाही. कार्लसन जुलै 2011पासून अव्वल आहे, पण 2023मध्ये त्यानंही किताब न खेळता सोडला. तो अजून खेळतोय, तेव्हा त्याचा हिशेब उघडाच ठेवू.