पट्टी दाबली आणि सूर मागाहून आला

मी पंचवीस वर्षं पेटी वाजवतोय. भजनाला, चवथीच्या आरत्यांना, जत्रेतल्या नाटकाला. त्यामुळे गेल्या जुलैत माझ्याच घरात, माझ्याच बोटांनी भूपाचा साधा आरोह लयीत येईना, तेव्हा मला खरोखर धास्ती वाटली. पट्टी दाबायची आणि सूर मागाहून यायचा. दुसऱ्या आवर्तनाला बोटं आवाजाची वाट बघू लागायची, की लय आणखी ढिली. दोन रात्री मी बायकोलासुद्धा बोललो नाही. वाटलं, वयाने हात गेला.

हात गेला नव्हता. पण हे कळायला सहा आठवडे गेले. त्यातले तीन आठवडे एका दुकानाच्या सल्ल्यामुळे वाया गेले, आणि त्याचा राग अजून आहे.

आधी हे सगळं कशासाठी ते सांगतो. आमचं गाव गोव्यातल्या फोंडा महालातलं. मार्गशीर्षातल्या जत्रेला गावातलीच माणसं मराठी नाटक करतात, ही आमच्याकडची जुनी रीत. पार्श्वसंगीतासाठी दरवर्षी बाहेरून माणूस आणायचो. मागच्या वर्षी तो एकाही तालमीला आला नाही आणि ऐन प्रयोगात दोन प्रवेशांचं संगीत उलटसुलट वाजलं. तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या वर्षी हे घरी करायचं.

पेटी माइकवर का घेतली नाही, असं पुष्कळांनी विचारलं. घर कौलारू आहे. आषाढ-श्रावणात कौलांवर पाऊस सुरू झाला की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, माइकवर काय येणार? मिडीला, म्हणजे लॅपटॉपला जोडायच्या पट्ट्यांना, पावसाचं काही नाही. भाच्याचा एकोणपन्नास पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड होता, पाच वर्षांचा लॅपटॉप होता, आठ जीबी रॅमचा. रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून बघता येतं, पुढे घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरचा. तो मी रीतसर घेतला. सगळं बसवायला एक संध्याकाळ लागली.

नव्या माणसासाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तीच न कळल्यामुळे मी फसणार होतो. मिडी कीबोर्डमध्ये आवाजच नसतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढाच निरोप तो पाठवतो. १९८३ साली ही पद्धत ठरली आणि तिच्यावर आजही सगळं चालतं. जुन्या पाच पिनांच्या केबलमधूनसुद्धा एक निरोप जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. आवाज तयार होतो लॅपटॉपमध्ये, व्हर्च्युअल वाद्याच्या प्लगइनमध्ये, म्हणजे वाद्याचा आवाज काढणाऱ्या जोड-प्रोग्रॅममध्ये, आणि तिथून साउंड कार्डातून तुमच्या कानात येतो. उशीर होतो तो या दुसऱ्या प्रवासात.

लॅपटॉप आणि कीबोर्ड घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "प्रोसेसर पुरत नाही, नवा घ्या. साठ हजारांत बरा येईल." मी विचारलं, उशीर किती होतोय ते मोजता येतं का? त्याने कोटेशन छापून हातात दिलं. मी पुन्हा विचारलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी येऊन मी मुदत ठेव मोडायचा विचार सुरू केला. गणपतीच्या तोंडावर साठ हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नाही. तीन आठवडे मी वाजवलंच नाही, फक्त लॅपटॉपच्या किमती बघत बसलो.

मडगावला माझा एक मित्र लग्नांच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. त्याला फोनवर सहज हे सांगितलं. त्याने पहिलाच प्रश्न केला, "हेडफोन कुठला?"

ब्लूटूथचा.

"अरे, तो काढ आणि वायरचा लाव. मग बोलू."

वायर लावली आणि निम्म्याहून जास्त उशीर तिथल्या तिथे गेला. ब्लूटूथवर आवाज आधी आवळून पाठवला जातो आणि पलीकडे परत उलगडतो. त्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा बघताना ते जाणवत नाही, कारण तिथे चित्रही तेवढंच थांबवून दाखवतात. वाजवताना मात्र लय मरते. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. म्हणजे दीडशे मिलिसेकंद उशीर म्हणजे पेटी पन्नास मीटर लांब ठेवून वाजवणं. मी देवळाच्या चौकात आणि पेटी तळीच्या पलीकडे. हा हिशेब केला त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

पण उशीर पूर्ण गेला नव्हता. पुढचा दोष ड्रायव्हरचा, म्हणजे सॉफ्टवेअर आणि साउंड कार्ड यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा. विंडोजचा नेहमीचा ध्वनिमार्ग गाणी ऐकायला बनवलेला, त्यात बरेच थांबे. ते टाळण्यासाठी अ‍ॅसिओ नावाचा ड्रायव्हर लागतो. चांगल्या ऑडिओ इंटरफेसबरोबर (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) तो येतो. लॅपटॉपच्या अंगच्या साउंड कार्डाला बहुधा नसतो. मी अ‍ॅसिओ फॉर ऑल हा फुकटचा ड्रायव्हर घातला. रीपरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, मग डिव्हाइस, तिथे तो निवडायचा. पहिल्यांदा तो चालेचना. मागे ब्राउझरमध्ये यूट्यूब उघडं होतं आणि साउंड कार्ड त्याने धरून ठेवलं होतं. ते बंद केलं आणि आवाज आला. रीपरच्या वर उजव्या कोपऱ्यात किती मिलिसेकंद लागतात तो आकडा दिसतो. दुकानात मी हाच आकडा मागत होतो. तो पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर होता.

मग बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने जमवून एकदम पुढे पाठवायचे तो आकडा. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ चा बफर म्हणजे तेवीस मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे जवळपास सहा, १२८ चा म्हणजे तीन. मी हावरेपणाने १२८ लावला. आवाज तडतडू लागला, ओल्या लाकडासारखा. २५६ वर तडतड थांबली आणि बोटाखाली सूर आला. तो क्षण मी विसरणार नाही. रात्रीचे बारा वाजले होते, आणि मी एकटाच तासभर भूप वाजवत बसलो.

दोन दिवसांनी तडतड परत. आज आहे, उद्या नाही. वाद्य बदललं, केबल बदलली, ड्रायव्हर काढून परत घातला. चार रात्री गेल्या. पाचव्या रात्री वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि त्याच सेकंदाला तडतड सुरू झाली. बॅटरीवर लॅपटॉप आपला वेग उतरवतो. आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको, आणि इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे होते. लॅपटॉपचं प्लग त्या लाइनवर नव्हतं. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून ते घेतलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाकला. वाजवताना वायफायही बंद ठेवतो; लेटन्सीमॉन नावाच्या फुकट प्रोग्रॅमने दाखवलं की माझ्या लॅपटॉपवर अडथळा त्याच्याच ड्रायव्हरचा होता. तुमच्या लॅपटॉपवर दुसरा कुठला असेल, पण तोच प्रोग्रॅम सांगेल.

आता शेवटचा फास. एकाच प्रवेशाच्या फाइलमध्ये उशीर होता, बाकी सगळ्यांत नाही. त्या फाइलच्या मास्टर ट्रॅकवर, जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, मी लिमिटर लावून ठेवला होता. पुढचा आवाज आधी बघून दाबणारे असे प्लगइन स्वतःच थोडा वेळ मागतात, आणि सॉफ्टवेअर बाकी सगळ्या ट्रॅकना त्याच्यासाठी थांबवतं. वाजवून होईपर्यंत मास्टर मोकळा ठेवा, साजशृंगार नंतर करा. आणि सगळं वाजवून झालं, नुसतं मिश्रण उरलं, की बफर खुशाल १०२४ करा; तेव्हा उशिराने काही बिघडत नाही आणि लॅपटॉपवरचा ताण उतरतो.

म्हणजे हेडफोन, ड्रायव्हर, बफर, वीज, मास्टरवरचे प्लगइन. या क्रमाने बघितल्याशिवाय नव्या लॅपटॉपला एक रुपया देऊ नका. लॅपटॉप खरंच थकला असेल तर तयार झालेले ट्रॅक फ्रीझ करता येतात. प्लगइनऐवजी तयार आवाज वाजतो, प्रोसेसर सुटतो. मी बासरी आणि तंतुवाद्यांचे ट्रॅक तसेच केले.

पेटीच्या प्लगइनबद्दल पेटीवाल्यांना एक सांगायचं आहे. कीबोर्डवर जोरात दाबलं की आवाज मोठा, हे पियानोचं झालं. पेटीत आवाज भात्याने वाढतो, बोटाने नाही. मी सगळ्या स्वरांची व्हेलॉसिटी, म्हणजे दाबण्याचा जोर, एकसारखी केली आणि भात्याचं काम अकरा नंबरच्या कंट्रोलरला, म्हणजे आवाज लहानमोठा करणाऱ्या एक्स्प्रेशनला, दिलं. डाव्या हाताने कीबोर्डवरचं चाक, मॉड्युलेशन व्हील, फिरवतो, ते एक्स्प्रेशनला जोडलंय. डाव्या हाताला भात्याची सवय असतेच.

घुमट, आमच्याकडचं मडक्याचं तालवाद्य, मात्र मला आवाजांच्या कुठल्याच संग्रहात मिळाला नाही. गोव्याच्या नाटकात आरती आहे आणि तिथे ढोलक वाजवायचा, हे मला मान्य नव्हतं. शेजारच्या काकांचा घुमट आहे, बकरीच्या चामड्याचा; घोरपडीचं चामडं कायद्याने बंद झालंय ते योग्यच. मडक्याचं मागचं अरुंद तोंड डाव्या तळव्याने झाकायचं-उघडायचं, त्याने नाद फिरतो, आणि घुमटाचा सगळा जीव तिथेच आहे. म्हणून चार आघात घेतले, काही उघडे, काही झाकलेले. प्रत्येक पाच जोरांत, प्रत्येक तीनदा. साठ नमुने. काकांनी दोन दुपारी न कंटाळता वाजवले. रीपरच्या अंगच्याच सॅम्पलरमध्ये, म्हणजे नमुने पट्ट्यांवरून वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये, ते लागोपाठच्या चार पट्ट्यांवर बसवले. लय जुळवताना क्वांटाइझ, म्हणजे ठोके ओढून नेमक्या मात्रेवर बसवणं, पूर्ण लावलं तर आरती यंत्रासारखी वाटते. मी निम्म्यावर ठेवलं. काकांना दोन्ही ऐकवलं. पहिल्याला ते म्हणाले, "हा कोण वाजवतो? आमच्यातला नव्हे."

प्रयोगाच्या दोन दिवस आधी नायिकेचं काम करणाऱ्या मुलीचा घसा बसला. काळी चारऐवजी पांढरी पाच हवी, म्हणजे अर्धा सूर खाली. मिडी असल्यामुळे पाच मिनिटांचं काम, असं म्हणून सगळे ट्रॅक निवडून खाली उतरवले. वाजवलं तर घुमट भलताच बोलू लागला. उघडा आघात झाकलेला झाला, एक तर गप्पच. आघात पट्ट्यांवर बसवलेले, तेही एक पट्टी सरकले होते. तालवाद्याचे ट्रॅक सूर बदलताना कधीही निवडू नका. हे मला रात्री दहाला कळलं, म्हणून बरं.

प्रयोगाला मी प्लगइन नेलेच नाहीत. प्रत्येक प्रवेशाचं संगीत वेव्ह फाइलमध्ये काढलं, दोन पेन ड्राइव्हवर ठेवलं, एक माझ्या खिशात आणि एक काकांकडे. पहाटे चारपर्यंत नाटक चाललं. एकही जागा चुकली नाही. आरतीला घुमट सुरू झाला तेव्हा पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं मान वळवून विंगेत कोण वाजवतंय ते बघत होती.

लॅपटॉप तोच आहे. आता घुमटाच्या जोडीचं तालवाद्य शामेळ आणि कासाळे, म्हणजे मोठ्या झांजा, राहिलेत. शामेळाचं चामडं दमट हवेत उतरतं, म्हणून तो पावसाआधी, मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी, उन्हात तापवून ध्वनिमुद्रित करायचा आहे. काकांना सांगून ठेवलंय.