तीन मिनिटं आणि अप्पांचा कडबा

गेल्या आठवड्यात आमच्या विद्यापीठात थ्री मिनिट थीसिस स्पर्धेची पहिली फेरी झाली. पीएच.डी.चं सगळं काम तीन मिनिटांत, त्या विषयातलं काही न कळणाऱ्यांना सांगायचं. पडद्यावर एकच स्थिर स्लाइड. हातात वस्तू नाही, व्हिडिओ नाही, कविता नाही की गाणं नाही. तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद. मी 2 मिनिटं 51 सेकंदांत थांबले. दुसऱ्या फेरीत माझं नाव नाही. पण त्याआधीच्या पंधरा दिवसांत जे घडलं ते लिहून ठेवायचंय.

ही स्पर्धा इथेच, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात, 2008 मध्ये सुरू झाली. त्या काळात क्वीन्सलँडमध्ये मोठा दुष्काळ होता. आंघोळ लवकर उरकावी म्हणून लोक न्हाणीघराच्या भिंतीला तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावायचे. त्यावरून ही कल्पना सुचली. 80,000 शब्दांचा प्रबंध मोठ्यानं वाचला तर नऊ तास लागतील, असं इथे सांगतात. आज 85 हून जास्त देशांत ही स्पर्धा होते.

वाळूच्या घड्याळाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला लातूर आठवलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मी तेव्हा तिथेच शिकत होते. खोलीवर आम्ही चौघी एका घागरीत दिवस काढायचो. दुष्काळावरचं काम घेऊन मी नेमकी या विद्यापीठात आले, याचं मला अजूनही नवल वाटतं.

माझा विषय ज्वारी. काही वाणांची पानं फुलोऱ्यानंतर पाण्याचा ताण पडला तरी हिरवी राहतात. ही झाडं सुरुवातीला पसारा आवरून असतात. फुटवे कमी, वरची पानं लहान. त्यामुळे जमिनीतली ओल शिल्लक राहते आणि दाणा भरताना कामाला येते. रब्बीची ज्वारी तर बहुतेक जमिनीतल्या ओलीवरच येते, म्हणून मला हे काम जिवाभावाचं वाटतं.

पहिला मसुदा 3 मिनिटं 40 सेकंदांचा झाला. सगळा जनुकं आणि आलेखांनी भरलेला. माझ्या खोलीतली मैत्रीण इतिहासाची. ती मन लावून ऐकत होती, पण तिला एक वाक्यही परत सांगता आलं नाही. मग मी रविवारी गावी फोन लावला आणि तेच अप्पांना मराठीत सांगायला बसले. चाळीस वर्षं मालदांडी ज्वारी पेरणाऱ्या माणसाला ‘जनुकीय स्थान’ कसं सांगणार? आपोआप शब्द बदलले. पोटरी, निसवणं, कणीस, फुटवे. अशा झाडांना खडखड्याही, म्हणजे ताट आतून पोखरून आडवं पाडणारा रोग, कमी लागतो म्हटल्यावर ते हुंकारले. खडखड्यानं ऐन दाणा भरताना शेत लोळलेलं त्यांनी किती वेळा पाहिलंय.

सांगून झालं. अप्पा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फुटवे कमी, पानं बारीक. मग कडबा किती पडंल?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्वीन्सलँडमध्ये ज्वारी मुख्यतः जनावरांच्या दाण्यासाठी घेतात, म्हणून माझी सगळी मोजमापं दाण्याभोवती होती. आमच्याकडे दुष्काळात दावणीची जनावरं कडब्यावर तगतात. दाणा थोडा कमी आला तरी माणूस निभावून नेतो, कडबा नसला तर बैल विकावा लागतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तीन वर्षांच्या कामात एकदाही आठवलं नव्हतं.

स्पर्धेत परीक्षक प्रश्न विचारत नाहीत. बोलायचं आणि उतरायचं. मी जनुकांची दोन वाक्यं काढून तिथे अप्पांचा प्रश्न घातला, जसाच्या तसा, इंग्रजीत. स्लाइडवर आलेखाच्या जागी आमच्या शेतातली कडब्याची गंजी ठेवली. मी खाली उतरल्यावर समोर बसलेली एक बाई मला भेटली. तिचे आजोबा गुरं पाळायचे. तिनं गंजीबद्दलच विचारलं, बराच वेळ.

माझ्या मार्गदर्शक बाईंशी बोलणं झालंय. येत्या कापणीला कणसं काढल्यावर ताटं तशीच सोडून द्यायची नाहीत. प्रत्येक वाफ्यातली ताटं वाळवून तोलायची, पानं वेगळी, धांडं वेगळं. अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, “पेंढ्या बांधून तोल. सुटं तोललं की पाचोळा गळतो.”