फुलवात, नोंद ६: आप्पेपात्र बाद, पेळूचा डबा सुरू

मंडळी, स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांकडून फुलवाती वळून घेण्याच्या आपल्या बैठकांसाठी आधी महत्त्वाचं: मोजका कापूस समोर ठेवायला गेल्या नोंदीत ज्याचं भरभरून कौतुक केलं होतं, ते आप्पेपात्र वापरू नका. कुणी विकत आणलं असेल तर ते स्वयंपाकघरातच राहू द्या.

झालं असं. बारा काळे खळगे, प्रत्येकात बोराएवढा कापूस. रंगातला फरक उत्तम, माप ठरलेलं, किती उरलं तेही दिसतं. पहिल्या दोन बैठका छान गेल्या. तिसऱ्या बैठकीत एका आजींनी पुंजका उचलला, त्याच्यावर हळूच फुंकर घातली आणि तोंडात टाकला. शेजारच्या ताईंनी लगेच हात पुढे केला म्हणून निभावलं. ती फुंकरच सगळं सांगून गेली. आजींचं काही चुकलं नव्हतं. आप्प्याच्या भांड्यात पांढरं, गुबगुबीत काही असेल तर ते खायचंच असतं. कोरडा कापूस थुंकीने भिजून टाळूला चिकटतो. गिळायला त्रास असलेल्या माणसाला त्याने ठसका लागून श्वास अडकू शकतो. म्हणून खाण्याशी नातं असलेलं काहीही या कामात नको: वाटी, ताटली, इडलीपात्र, लोणच्याची बरणी, अंड्यांचा ट्रेसुद्धा.

मूळ अडचण तशीच उभी राहिली: मोजका कापूस हातात द्यायचा कसा? फुलवात वळायचं कसब हातात असतंच. पुंजका पुरीसारखा पसरायचा, मधला भाग चिमटीत धरून वर काढायचा, पीळ द्यायचा. वर्षानुवर्षं केलेली ही हालचाल बऱ्याच जणींच्या बोटांत शाबूत असते. हरवतो तो 'किती घ्यायचं' हा अंदाज. पूर्ण गुंडाळी समोर ठेवली की मूठभर कापूस ओढला जातो, तो चिमटीत मावत नाही, शेंडी जमत नाही, आणि मग नुसतं पिंजणं चालू राहतं. आपणच एकेक पुंजका हातात दिला तर काम होतं, पण त्या आपल्या हाताकडे बघत बसतात. काम त्यांचं राहत नाही.

आता पेळूचा डबा. चार इंची पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा, दोन्ही बाजूंना टोप्या. वरच्या टोपीच्या मध्यावर भोक, कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली, कारण या वयातली कातडी जराशा खरचटण्यानेही फाटते. आत सूतकताईचे पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या सैल, लांबट वळ्या. टोकं ४-५ सेंमी एकमेकांवर ठेवून तळहातात हलकेच फिरवली की सलग लड होते. लड सैल वेटोळी करून भरायची, दाबायची नाही. डब्याला गडद मरून कापड, खाली रबरी जाळीची मॅट.

भोकाच्या मापाने चार दिवस खाल्ले. ८ मिमीमध्ये लड अडकून तुटत होती, २० मिमीमधून सगळी वेटोळी सरसरत बाहेर. १४ मिमी बरोबर बसलं. तरी निम्म्या वेळा पुंजका सुटेना, नुसती ओढाताण. कारण तंतूच्या लांबीत निघालं. आपल्याकडच्या मध्यम धाग्याच्या कापसाचा तंतू साधारण अडीच सेंमी असतो. चिमूट भोकाला लागूनच धरली तर त्याच तंतूंचं एक टोक भोकात आवळलेलं आणि दुसरं बोटांत, मग ते सुटणार कसे? भोकापासून ५ सेंमी वर धरलं की तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पुंजका अलगद निघतो. म्हणून बैठकीआधी लडीचं टोक ६ सेंमी बाहेर काढून ठेवायचं. हात आपोआप टोकालाच जातो. पुढचं टोक बाजूला बसलेल्या मदतनीसाने गुपचूप वर ओढायचं. हा भाग अजून मनासारखा जमलेला नाही.

मेडिकलमधली कापसाची गुंडाळी या कामाला निरुपयोगी, हे आता ठाम मत. शोषक बनवताना तिच्यातलं नैसर्गिक मेण काढलेलं असतं, त्यामुळे ओलं बोट लागताच ती पाणी पिते आणि शेंडीचा लगदा होतो. पेळूतल्या कच्च्या कापसात मेण शिल्लक असतं, ओल वरवर राहते, पीळ टिकतो. देवकापूस मिळाला तर सोन्याहून पिवळं, फक्त सरकी नीट काढून, पिंजून घ्या.

म्हातारपणी बोटं कोरडी पडतात, कापूस घसरतो. घरोघरी दुधाचं बोट लावायची रीत आहे, पण दुधाची वाटी पुन्हा खाण्याकडे नेते. नोटा मोजताना वापरतात ती ओल्या स्पंजाची डबी त्याऐवजी झकास चालते. टेबलावर बिनडिझाइनचं गडद कापड हवं. फुलाफुलांचं असेल तर फुलंच वेचली जातात. समोर न बसता शेजारी बसा, म्हणजे त्यांना तुमचा हात उलटा दिसत नाही. कॅमरॉन कँप यांनी १९९० च्या दशकात माँटेसरी पद्धत स्मृतिभ्रंशाच्या कामात आणली, त्यातलं एक सूत्र इथे फार उपयोगी पडतं: आधी करून दाखवा, कमी बोला. 'पसरा' म्हणण्यापेक्षा आपला पुंजका पसरायला घेतला की त्यांचे हात चालू लागतात.

परवा एका बैठकीत अकरा फुलवाती झाल्या, शेंडीसकट. देवळात दिल्या, संध्याकाळी तेवल्या.

हे लिहिताना एक गोष्ट डोक्यात आली. ज्यांची चिमूट आता साथ देत नाही, त्यांच्यासाठी शेंडीचा हट्ट कशाला? समईची लांब वात मांडीवर वळतात, त्याला बोटं नाही, तळहात लागतो. पॉलिस्टरच्या गाऊनवर कापूस घसरतो, म्हणून ३० बाय २० सेंमीच्या फळीवर मांजरपाट ताणून लावायचं ठरवतोय. मांजरपाटाचा खरखरीतपणा कापसाला धरतो आणि कातडीला सोसतो.

मग तीच फळी पुरुषांसाठी का नको? शेतीतल्या आजोबांना वातीत रस नसतो, पण तळहातांनी सुंभ वळण्याची हालचाल तीच आहे. म्हणून नोंद ७ मध्ये ठरलेलं गेजवस्त्र पुढे ढकललं. ताग मागवलाय. आधी तो धुऊन, विंचरून कुसळं किती निघतात ते पाहायचं, मगच कुणाच्या हातात द्यायचा.