आमची वाटचाल : मिशिगनमधलं आमचं गिअरबॉक्सचं दुकान

आमचं दुकान डेट्रॉइटजवळ, काम एकच, जुन्या अमेरिकन मसल कारचे, म्हणजे दणदणीत इंजिनवाल्या गाड्यांचे, मॅन्युअल गिअरबॉक्स खोलायचे, भरायचे, नाहीतर बदलून द्यायचे. मी मूळचा चिंचवडचा, डिप्लोमा झाल्यावर तिथेच गिअर हॉबिंगवर, म्हणजे गिअरचे दात कापायच्या मशीनवर, हात काळे केले, मग इकडे एका सप्लायर कंपनीत आलो, आणि २००९ ला जनरल मोटर्स (जीएम) आणि क्रायसलर दिवाळखोरीत गेल्या त्या वर्षी इथल्या हजारो लोकांबरोबर माझीही नोकरी गेली. ग्रीन कार्ड हातात होतं म्हणून निभावलं. बायको म्हणाली, "अहो, शनिवार-रविवार लोकांचं गिअरबॉक्सचं काम फुकट करताय, तेच पैसे घेऊन करा ना!" एवढाच आमचा बिझनेस प्लॅन.

सुरुवातीला फक्त मन्सी. जीएमचा १९६३ ते १९७४ पर्यंतचा फोर स्पीड, इंडियानातल्या मन्सी गावावरून नाव पडलेला. त्यातला एम२२ म्हणजे प्रसिद्ध रॉक क्रशर, दात कमी तिरपे म्हणून ताकद जास्त आणि आवाजही जास्त. जो तो आपल्याकडचा बॉक्स एम२२ आहे म्हणून सांगतो! आम्ही टेबलावर ठेवून आधी इनपुट शाफ्टच्या टोकाकडची खाच बघतो, दोन असतील तर एम२०, एक असेल तर एम२१, एकही नसेल तर एम२२. पण शाफ्ट बदललेला असू शकतो, म्हणून वरचं नाही, बाजूचं झाकण काढून दातांचा तिरपेपणा बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. बऱ्याचदा गिऱ्हाईकाचा चेहरा तिथेच उतरतो.

पुढे फोर्डचे टॉपलोडर आणि क्रायसलरचे ए८३३ हे फोर स्पीड बॉक्स पण यायला लागले, दोन्ही दणकट. पण खरा धंदा वाढला तो ओव्हरड्राइव्हने, म्हणजे हायवेला इंजिनचे फेरे कमी ठेवणाऱ्या वरच्या गिअरने. लोकांना आता एकच गाडी रोज चालवायची पण असते आणि रविवारी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीला, पण न्यायची असते. समजा शेव्हरलेची शेवेल आहे, मागे ४.१० चा एक्सल (चाक एकदा फिरायला शाफ्ट ४.१० वेळा फिरतो) आणि २७ इंची टायर, तर फोर स्पीडवर हायवेला ७० मैलाच्या वेगाने इंजिन साधारण ३,५७० आरपीएमवर किंचाळत राहतं, शेजारी बसलेल्याशी बोलायची सोय नाही. तिथे ट्रेमेक कंपनीचा पाच गिअरचा टीकेएक्स टाकला, पाचवा ०.६८ चा, की तेच २,४३० वर येतं. त्यांचाच सहा गिअरचा मॅग्नम अजून तगडा, पण जुन्या गाडीत बसवायला बहुतेकदा फ्लोअरचा टनेल, म्हणजे मधला उंचवटा, कापावा लागतो आणि ते ऐकलं की निम्मे लोक पाचवर येतात.

आता टॉर्कचा, म्हणजे इंजिनचा पीळ किती सोसेल त्याचा, आकडा. टीकेएक्सला ६०० पाउंड-फूट, मॅग्नमला ७०० लिहिलंय, आणि फोनवर पहिला प्रश्न हाच, माझं इंजिन ५५० चं आहे, चालेल का? मी उलटं विचारतो, टायर कुठले? साध्या रेडियलवर क्लच सोडला की टायर घसरतो, झटका तिथेच जिरतो. स्लिक, म्हणजे शर्यतीचे गुळगुळीत टायर, लावले, गाडी ३,८०० पाउंडांची, ५,००० आरपीएमवर पाय बाजूला काढला, तर सगळा झटका सरळ दातांवर. त्यात कचकन पकडणारा पक क्लच असेल तर विचारूच नका. माझ्या मते थोडा सरकून पकडणारा क्लच घेतला तर गिअरबॉक्स जास्त वर्षं टिकतो, आणि त्यासाठी मी महागडा बॉक्स विकायचा सोडून क्लच विकलेला आहे, बायको हिशोब बघते तेव्हा चिडते ते वेगळं.

बेलहाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाला, मोजायचा डायल लावल्याशिवाय आम्ही गॅरंटी देत नाही. ०.००५ इंचाच्या वर रनआउट, म्हणजे केंद्रातला फरक, गेला की ऑफसेट डॉवेल (केंद्र सरकवणारी पिन) टाकून जागेवर आणायचा, नाहीतर नवाकोरा बॉक्स पण गिअर अडकवतो आणि बेअरिंग खातो. आणि स्ट्रिपवर पाव मैलाला ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ काढणार असाल तर एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमाने एसएफआय (सुरक्षेचं प्रमाणपत्र) पास बेलहाउसिंग लागतंच, त्यात घासाघीस करू नका, क्लच फुटला तर पाय तिथेच असतात.

नऊ सेकंदवाल्यांना आम्ही नाही म्हणतो, त्यांना डॉग रिंगचा, म्हणजे मोठ्या खुंट्यांनी गिअर जोडणारा, रेसिंग बॉक्स लागतो, ते आमचं काम नाही.

सध्या आम्ही दोघं आणि एक रिटायर्ड मशिनिस्ट, जो चहाला पण टाइम लावतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी फेरी, असते, त्याआधी सगळ्यांनाच गाडी तयार हवी असते, तेव्हा ज्यांना काम करून घ्यायचंय त्यांनी वसंतातच फोन करा, आणि एक्सलचा रेशो आणि टायरची उंची आधी लिहून ठेवा.