दुसऱ्याचं हेल्मेट

अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षाची रांग बघूनच धीर सुटला, म्हणून सीप्झला जायला बाईक टॅक्सी केली. पोरगा नम्र, गाडी चकाचक. मग त्याने हेल्मेट पुढे केलं. अस्तर ओलं, त्याला कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास, हनुवटीचा पट्टा काळाकुट्ट. न घालून चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे, आणि शेवटी डोकं माझंच. रुमाल बांधून घातलं.

पोराला काय बोलणार? दिवसभर डोकी बदलत असतात, पावसाळ्यात अस्तर वाळणार कधी? धुवायला थांबला तर त्याचीच कमाई बुडते. काढून धुता येणारी जादा अस्तरं, निदान कागदी टोप्या, कंपनीने पुरवायला नकोत का? पण अ‍ॅप तारे मागतं ते पोराच्या नावावर. मी पाच दिले आणि तक्रार कंपनीकडे केली. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर लगेच आलं, म्हणजे कुणी वाचलेलं नाही.



कुणी स्वतःचं हेल्मेट घेऊन लोकल पकडतं का? सकाळच्या गर्दीत ते धरता कुठे, सांगा.