नामावलीतली खालची ओळ

सोमवार

'भारत एक खोज'चं शीर्षकसंगीत पुन्हा लावलं. नासदीय सूक्त आधी संस्कृतात, मग वसंत देवांच्या हिंदीत. मराठी नाटकं हिंदीत नेणारे तेच वसंत देव. मालिका १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झाली आणि ५३ भाग चालली. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कितीतरी जणांना हे संगीत अजून गुणगुणता येतं. कुणाचं, असं विचारलं की श्याम बेनेगल, ओम पुरी, रोशन सेठ अशी नावं येतात. हे संगीत करणाऱ्या वनराज भाटियांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

आपण 'सिनेमाचं संगीत' म्हणतो तेव्हा मनात गाणीच असतात. अडीच तासांच्या हिंदी चित्रपटात पाच-सहा गाण्यांची मिळून पंचवीस-तीस मिनिटं होतात. पार्श्वसंगीत तासभर सहज असतं, आणि ते खूपदा गाण्यांच्या संगीतकाराचं नसतंच. नामावलीत त्याच्यासाठी खाली एक वेगळी ओळ येते, ती वाचेपर्यंत पुढचं नाव आलेलं असतं. पुरस्कारांचा हिशेबही असाच. ऑस्करने १९३४ सालच्या चित्रपटांपासून गाणं आणि पार्श्वसंगीत वेगळं धरलं. फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार १९५४ पासून आहे, पण पार्श्वसंगीताचा स्वतंत्र पुरस्कार यायला १९९८ उजाडलं. तो पहिला 'गुप्त'साठी विजू शाह यांना मिळाला.

मंगळवार

पार्श्वसंगीताच्या कामात पहिला सूर लागण्याआधीच निम्मे निर्णय झालेले असतात. संकलन पक्कं झालं की दिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार रीळ रीळ करत चित्रपट बघतात आणि संगीत कुठे सुरू होणार, कुठे थांबणार हे ठरवतात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक पडतो. चौथ्या रिळातला दुसरा तुकडा म्हणजे '४ एम २'. पुढे वादकांचे कागद, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, सगळीकडे हाच क्रमांक चालतो. तो एका ठिकाणी जरी चुकला तरी अख्ख्या शिफ्टचा खोळंबा.

सुरू कुठे करायचं, याची नवख्याची उत्तरं दोनच: दृश्य बदललं की, नाहीतर पात्राच्या डोळ्यांत पाणी आलं की. दोन्ही बहुतेक वेळा चूक. दृश्य बदलताक्षणी वाजलेलं संगीत जोड उघडा पाडतं, आणि पाण्याबरोबर आलेलं संगीत प्रेक्षकाला रडायची आज्ञा देतं. जाणता माणूस प्रवेश लपवतो. दाराचा आवाज, गाडीची शिटी, कुकरची वाफ अशा एखाद्या आवाजाच्या शेपटाखाली पहिला स्वर सोडतो. संगीत कधी सुरू झालं हे कळतच नाही.

थांबायचं कसं, हे त्याहून अवघड. हळूहळू आवाज कमी करत नेणं हा आळशी मार्ग. एखाद्या वाक्याच्या शेवटी किंवा नजर वळते त्या जागी संगीत संपलं, तर पुढच्या शांततेलाही अर्थ येतो. ही शांतता संगीतकारानेच रचलेली असते. तिचं श्रेय मात्र अभिनयाच्या खात्यात जमा होतं.

बुधवार

आज फक्त हिशेब, संगीत चित्रावर बसवण्याचा. हा कुणी सांगत नाही, म्हणून पूर्ण लिहून ठेवतो.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) पळतो. ३५ मिमीच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, आणि हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांच्या थोडं वर. आता प्रसंग असा: बाई वाड्याच्या लाकडी जिन्याने वर येते, दार ढकलते, खोली रिकामी आहे. पहिल्या पायरीपासून दार उघडेपर्यंत २३.५ सेकंद, म्हणजे ५६४ चौकटी. दार उघडताना सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, यायला हवी.

मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली तर एक मात्रा बरोबर १२ चौकटींची. ५६४ भागिले १२ म्हणजे ४७ अंतरं, आणि पहिली मात्रा शून्यावर असल्यामुळे दार उघडतं ४८व्या मात्रेवर. आठ मात्रांचं आवर्तन असेल तर ही सहाव्या आवर्तनाची शेवटची मात्रा. दार उघडून गेलं आणि सम मागून आली. सगळं एक पाऊल लंगडं. सम ४९व्या मात्रेवर आहे, म्हणून अंतरं ४८ हवीत. ५६४ भागिले ४८ म्हणजे ११.७५ चौकटी. पूर्वी क्लिक, म्हणजे वादकांच्या कानात पडणारी लयीची टिकटिक, मोजताना चौकटीचे आठ भाग करत, त्या भाषेत हा '११-६'चा क्लिक. मिनिटाच्या १४४० चौकटींना ११.७५ ने भागलं की लय मिळते: १२२.५५. लय अडीच मात्रांनी वाढली हे प्रेक्षकाला कळत नाही, पण दार समेवर उघडतं. सात मात्रांचा रूपक घेतला तर सात आवर्तनं म्हणजे ४९ अंतरं, आणि '११-४'चा क्लिक लावला की अर्ध्या चौकटीचा फरक उरतो. तो चालतो.

एक-दोन चौकटींचा उशीरही चालतो, घाई मात्र चालत नाही. एका चौकटीच्या वेळात आवाज साधारण १४ मीटर जातो. मोठ्या चित्रपटगृहात मागच्या रांगेतल्या माणसाला सगळंच दोन चौकटी उशिरा ऐकू येतं आणि त्याची तक्रार नसते, कारण बाहेरच्या जगातही आवाज मागूनच येतो. कृतीच्या आधी आघात झाला तर मात्र पडद्यावरचं माणूस बाहुलं वाटतं.

आणि प्रत्येक तुकडा क्लिकवर बांधायचा नसतो. आलापीच्या अंगाचं काही असेल तर क्लिक त्याचा गळाच दाबतो. तिथे जुनी युक्ती: हव्या त्या क्षणाआधी तीन फूट, म्हणजे दोन सेकंद, फिल्मवर तिरकी रेघ ओरखडायची आणि शेवटी भोक पाडायचं. पडद्यावर रेघ सरकताना दिसते, मग प्रकाशाचा ठिपका चमकतो, आणि वाद्यवृंदाचा संचालक त्या बेताने हात आवरतो किंवा ताणतो. आता हीच रेघ संगणक काढतो.

गुरुवार

संवादाखालचं संगीत. इथे चूक झाली की मिक्सिंगला आवाज खाली ओढला जातो आणि महिनाभराची मेहनत कुजबुज होऊन बसते.

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर ढोबळमानाने ८५ ते १८० हर्ट्झ, बाईचा १६५ ते २५५. शब्द कळतात ते मात्र व्यंजनांवर, आणि ती २ ते ४ हजारांच्या पट्ट्यात असतात. हार्मोनिअम, सनई आणि मधल्या सप्तकातली व्हायोलिनं नेमकी याच वाटेवर उभी राहतात. म्हणून संवादाखाली चेलोचे लांब, आघात नसलेले स्वर, किंवा अगदी वर व्हायोलिनचा बारीक धागा. मधली जागा माणसाच्या गळ्यासाठी मोकळी. चाल पुढे सरकते ती वाक्यांच्या मधल्या श्वासात. संतूर, सतार, पियानो यांच्या प्रत्येक छेडीला धार असते, आणि ती एखाद्या 'नाही'वर पडली तर 'नाही' ऐकूच येत नाही.

पट्टीचाही विचार करावा लागतो. तुकडा पेटीवरच्या काळी दोनमध्ये संपला आणि लगेच पांढरी तीनचं गाणं सुरू झालं, तर अर्ध्या स्वराचा ओरखडा उठतो आणि गाणारी पहिल्या ओळीलाच बेसूर वाटते. दोष तिचा नसतो. आणखी एक जागा जवळजवळ कुणाच्याच ध्यानात येत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चित्रीकरणाच्या जागी ट्यूबलाइट-पंख्यांची घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर येते. १०० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. अशा प्रसंगाखाली काळी चारचा खर्ज लांबवला तर सगळं गढूळ वाटतं आणि कारण सापडत नाही. पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली की गढूळपणा पुष्कळ कमी होतो.

शुक्रवार

पुन्हा भाटियांकडे. मुंबईत १९२७ चा जन्म, एल्फिन्स्टन कॉलेज, लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, मग पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे शिक्षण. परत आल्यावर पोटापाण्याला जाहिराती, आणि त्या हजारोंनी. लिरिल साबणाच्या धबधब्यावरची लकेर त्यांचीच. शुद्धतावाद्यांना हा उतार वाटेल. मला ती दुसरी तालीम वाटते. तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे ७२० चौकटी, ४५ फूट. सुरुवात, मध्य, शेवट आणि साबणाचं नाव त्यातच बसवायचं. असं हजारो वेळा केलेल्या माणसाला बुधवारचा हिशेब कागदावर मांडावा लागत नसणार. १९७४ चा 'अंकुर' झाला तेव्हा भाटिया आणि दिग्दर्शक बेनेगल दोघेही जाहिरातींच्या जगातून आलेले.

दोघांचाच 'भूमिका' (१९७७) अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेला. त्यात दशकं उलटतात तशी गाण्यांची तऱ्हाही बदलावी लागते. जुन्या काळचं गाणं करायचं म्हणजे काय काय टाळायचं, याची यादी मोठी असते. १९४० च्या आधीचं हवं तर हार्मोनिअम, तबला, क्लॅरिनेट, एखादं व्हायोलिन, आणि सगळे गळ्याच्याच चालीवरून चालणारे; मागे दुसरी सुरावट नको. १९५० च्या दशकातलं हवं तर तंतुवाद्यांचा ताफा आणि गाण्याला छेद देणारी त्यांची स्वतःची चाल. हे एवढं नेमकं जमलं, की लोकांना वाटतं जुनंच गाणं आणून लावलंय. श्रेय गेलं ते असं.

हा ताफा मुंबईत उभा राहिला तो गोव्याच्या माणसांमुळे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकवत. चाळीस व्हायोलिनवादकांसमोर कागद ठेवला आणि त्यांनी तो पहिल्याच नजरेत वाजवला, तरच एका शिफ्टमध्ये काम उरकतं. चाल संगीतकार गुणगुणून दाखवायचा. ती कागदावर उतरवणं, तिला मागचे पुढचे आवाज देणं हे अरेंजरचं काम. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनसाठी हेच करायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात ते नाव गुरूसाठी आलं आहे, आणि ते गाणं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना असा माणूस खरोखर होता हेच माहीत नसतं.

शनिवार

बिघडतं कुठे?

सगळ्यात जास्त वेळा, संकलन 'पक्कं' झाल्यावर कुणीतरी जिन्यातली दीड सेकंद कापतं तेव्हा. आता २२ सेकंद, म्हणजे ५२८ चौकटी. ४८ अंतरांनी भागल्या तर ११ चौकटींची मात्रा, लय जवळपास १३१. मुद्रण व्हायचं असेल तर काम भागतं, फक्त बाई जिना चढताना घाईत वाटते. मुद्रण झालं असेल तर मध्ये तीन मात्रा कापाव्या लागतात, आणि गुंजत राहिलेला स्वर मध्येच तुटलेला कुणालाही कळतो. म्हणून शहाणे लोक लांब तुकड्यात दर आठ-सोळा मात्रांनी छोटा श्वास ठेवतात. तीच कात्री लावायची जागा.

दुसरा घोळ वेगाचा. कामाची प्रत २५ चौकटींची आली आणि चित्रपट २४ चा असेल, तर दहा मिनिटांचं रीळ ९ मिनिटं ३६ सेकंदांत संपतं. आवाजही त्याच वेगाने पळवला तर अर्ध्या स्वराच्या जवळपास पाऊणपट चढतो. पहिल्याच दिवशी प्रतीचा वेग लेखी मागून घ्यावा.

तिसरा पैशाचा. पार्श्वसंगीत सगळ्यात शेवटी येतं, तोवर तिजोरी रिकामी. मग एकच व्हायोलिनवादक चार वेळा वाजवतो. चालतं, पण जागा, माइक आणि वाद्य तेच राहिलं तर चौघांचा आवाज होत नाही, एकाचाच फुगलेला होतो. दर वेळी खुर्ची मीटरभर हलवावी, जमल्यास वाद्य बदलावं, एका फेरीत गज थोडा सैल ठेवून वाजवावं.

आणि संकलकाने तात्पुरतं म्हणून लावलेलं परकं संगीत. दिग्दर्शक ते दोन महिने ऐकतो, मग त्याला तेच हवं असतं. त्यावर उपाय एकच: चित्र पहिल्यांदा बघताना ते बंद करायला लावणं.

रविवार

गाण्यांची सोबत नसलेला चित्रपट या कानाने बघायला बरा. 'कानून' (१९६०) किंवा 'इत्तेफाक' (१९६९), दोन्हीत एकही गाणं नाही, दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. कुठलीही दहा मिनिटं घ्यावीत. एकदा आवाज बंद करून बघावीत, एकदा पडदा झाकून ऐकावीत, मग दोन्ही मिळून. संगीत सुरू होतं आणि थांबतं त्या वेळा कागदावर टिपाव्यात.

हा कागद निर्मात्याकडेही असावा लागतो, त्याला क्यू शीट म्हणतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनातला आपला वाटा संगीतकाराला लिहून देऊन टाकता येत नाही. दूरचित्रवाणीवर चित्रपट लागला की हिशेब निघतो तो याच कागदावरून. गाण्यांच्या ओळी कुणी विसरत नाही. पार्श्वसंगीताच्या साठ-सत्तर ओळी मात्र 'बीजीएम, एकूण ६४ मिनिटं' अशा एका ओळीत कोंबल्या जातात, मग कुणाची किती मिनिटं हे शोधत बसावं लागतं. भरायची ती अशी, प्रत्येक तुकड्याला एक ओळ:

४ एम २. रिकामी खोली. २३.५ सेकंद, शेवटच्या स्वराचं शेपूट धरून ३१. वापर: पार्श्व, वाद्य. संगीतकार: पूर्ण नाव.